माणसं खरंच मठ्ठ होत चालली आहेत का?

प्रश्न असा आहे: आजची माणसं आधीच्या पिढ्यांपेक्षा कमी बुद्धिमान होत चालली आहेत का? विचारणाऱ्याने सोबत तीन पुरावे जोडलेत. एक, त्याच्या आजोबांना पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत (म्हणजे पाव-अर्ध्यापासून साडेतीनपर्यंतचे पाढे) सगळं तोंडपाठ होतं आणि ह्याला सतरा अठ्ठे किती ते बघायला मोबाइल काढावा लागतो. दोन, नॉर्वेत लोकांचा बुद्ध्यांक घसरतोय अशी बातमी त्याने वाचली. तीन, रील्स. तिसऱ्या पुराव्यापुढे त्याने काहीच लिहिलेलं नाही, बहुधा गरज वाटली नसावी.

मी नागपुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. बुद्धिमापन चाचण्या घेणं, त्यांचे अहवाल लिहिणं आणि ते अहवाल हातात घेऊन घाबरलेल्या आईबापांशी बोलणं, यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. माणसाची विचार करण्याची मूळ कुवत कमी होत असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. काही श्रीमंत देशांत चाचण्यांचे गुण उतरलेत हे खरं आहे, आणि त्याची कारणं रक्तात नसून परिस्थितीत आहेत. आपल्याकडे मात्र मुलांची बुद्धी खरोखर मारणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि या वादात त्यांचं नावही कोणी काढत नाही.

पण आधी फूटपट्टीकडे बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

माझ्याकडे नेहमी येणारी एक केस सांगते. आई दोन अहवाल घेऊन येते. मुलगा सहा वर्षांचा असताना एका ठिकाणी चाचणी झाली, आयक्यू आला ११८. अकराव्या वर्षी दुसरीकडे झाली, आला १०१. आईचा चेहरा पडलेला, वडील मोबाइलला शिव्या घालत असतात. मी दोन्ही अहवाल उलटून कोणती चाचणी वापरली ते बघते. पहिल्यावर बहुतेक वेळा बिने-कामत लिहिलेलं असतं आणि दुसऱ्यावर एखादी अलीकडची चाचणी.

बिने-कामत ही आपली जुनी, मानाची चाचणी. मूळ चाचणी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची; कामतांनी १९३० च्या दशकात धारवाडकडच्या मराठी आणि कानडी मुलांवर ती बसवली, आणि तिची शेवटची सुधारित आवृत्ती १९६७ ची. नागपूरला आर्थर मालिन यांनी वेक्स्लरची मुलांची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली तीही १९६० च्या दशकातच. आजही राज्यभरात कित्येक ठिकाणी ह्याच दोन चाचण्या वापरात आहेत. आता आयक्यू म्हणजे काय? बिने-कामतच्या जुन्या पद्धतीत मानसिक वय (किती वर्षांच्या मुलांना जमणारे प्रश्न त्याला सुटतात ते) भागिले खरं वय गुणिले शंभर. नव्या पद्धतीत, तुमच्या वयाच्या मुलांच्या सरासरीला १०० धरून तुम्ही तिच्या किती वर किंवा खाली आहात ते. दोन्हीकडे तुलना कोणाशी तरी होतेच. जुन्या चाचणीत आजच्या पोराची तुलना त्याच्या आजोबांच्या वर्गाशी होते, नव्या चाचणीत त्याच्याच वर्गाशी. आजोबांच्या वर्गात तो चमकतो, स्वतःच्या वर्गात मधोमध येतो. मुलगा मठ्ठ झालेला नसतो, समोरचे प्रतिस्पर्धी बदललेले असतात.

हे अगदी क्षुल्लक तांत्रिक काम वाटेल, पण या क्षेत्रातला सगळ्यात मोठा शोध याच फरकातून लागला. जेम्स फ्लिन नावाचे गृहस्थ न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवायचे, मानसशास्त्रज्ञ नव्हतेच. एकाच माणसाने जुनी आणि नवी अशा दोन्ही चाचण्या दिल्याचे जितके अभ्यास मिळाले तितके त्यांनी गोळा केले, सात हजारांहून जास्त माणसांचे. जवळपास सगळीकडे तेच: जुन्या चाचणीत गुण जास्त, नवीत कमी. १९८४ च्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे गुण जवळपास १४ ने वाढले होते. म्हणजे दर दहा वर्षांना तीन. दर वेळी नवी चाचणी आली की सरासरी पुन्हा १०० वर बसवली जायची, म्हणून पन्नास वर्षं हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नंतर इतर देशांचे आकडे आले. २०१५ मध्ये पिएचनिग आणि व्होरासेक यांनी ३१ देशांतल्या जवळपास ४० लाख माणसांचे, शंभर वर्षांचे आकडे एकत्र मांडले. चित्र तेच, गुण वाढतेच.

या वाढीचा हिशेब शब्दशः धरला तर मात्र वेडेपणा हाती लागतो. दर दशकाला तीन गुण या दराने मागे गेलं तर १९०० सालची सर्वसाधारण माणसं आजच्या मापाने मतिमंदत्वाच्या रेषेजवळ येतात. ज्यांनी शेती केली, विहिरी बांधल्या, बाजार चालवले, ती माणसं मतिमंद? साफ चूक. मग वाढलं काय?

वाढ कुठे झाली ते बघा. अंकगणितात जवळपास नाही. शब्दसंग्रहात आणि सामान्य ज्ञानात थोडी. सगळ्यात जास्त वाढ दोन ठिकाणी: आकृत्यांचा क्रम ओळखण्यात आणि ‘या दोन गोष्टींत सारखं काय’ या प्रश्नांत. चाचणीतला खरा प्रश्न मी इथे उघड करणार नाही, त्याच धर्तीचा एक घेते. विळा आणि कुऱ्हाड, यांत सारखं काय?

दहा वर्षांचा मुलगा वर न बघता सांगतो, ‘‘दोन्ही अवजारं.’’ पूर्ण गुण. विसरभोळेपणाच्या तपासणीसाठी भंडाऱ्याकडून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना मी साधारण असंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘सारखं कसं असंल बाई? विळ्यानं कापतेत, कुऱ्हाडीनं तोडतेत. विळा माझा, कुऱ्हाड मालकाची.’’ मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने, तेच सांगितलं. या शिकलेल्या बाईला एवढंही कळत नाही असं त्यांना वाटत असणार. गुण शून्य. त्याच बाईंनी बाहेर बाकावर बसल्या बसल्या बचत गटातल्या कोणाचे किती हप्ते थकलेत ते सुनेला तोंडी सांगितलं होतं, आणि सुनेने वहीत बघून ‘बरोबर आहे’ म्हटलेलं मी ऐकलं होतं. त्यांच्या स्मरणशक्तीला काही झालेलं नव्हतं, त्यांना कमी ऐकू येत होतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले होते, तेव्हा त्यांना हेच दिसलं. त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांना विचारलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं तिथे सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेमल्या दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तरं यायची ती अशा थाटाची की मी तर काळंच अस्वल पाहिलंय, न पाहिलेल्याबद्दल मी कसं बोलू, तिथे जाऊन आलेल्याला विचारा. करवत, हातोडा, कुऱ्हाड आणि ओंडका यांतलं वेगळं काय, असं विचारलं तर ‘सगळं एकाच कामाचं, ओंडका नसेल तर करवत घेऊन करायचं काय’ असं उत्तर. चारदोन वर्षं शाळेत किंवा शेतीच्या नव्या सामुदायिक कामात गेलेल्या त्याच गावच्या तरुणांना मात्र ही कोडी सहज सुटायची. इतक्या थोड्या काळात कोणाची मूळ कुवत बदलत नाही. सवय बदलली. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल ‘असं धरू या’ म्हणून विचार करायची सवय शाळा लावते, आणि विसाव्या शतकात जगभर शाळा पोहोचल्या. फ्लिन पुढे हेच सांगत राहिले, आणि माझ्या अनुभवात ते पूर्ण बरोबर आहेत.

आता घसरणीकडे वळते. घसरणीची भीती ही घसरणीपेक्षा फार जुनी आहे. १९३७ मध्ये रेमंड कॅटेल या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने जाहीर केलं होतं की देशाची बुद्धी उतरणीला लागलीय, कारण कमी गुण मिळवणाऱ्यांच्या घरात मुलं जास्त. लेस्टर शहरात दहा वर्षांच्या मुलांची चाचणी घेऊन त्याने हे भाकीत केलं, आणि १९४९ मध्ये त्याच शहरात, त्याच वयाच्या मुलांची पुन्हा चाचणी घेतली. गुण थोडे वाढलेले निघाले. स्कॉटलंडने तर कमालच केली. १९२१ मध्ये जन्मलेली, शाळेत असलेली देशातली जवळजवळ सगळी मुलं १९३२ मध्ये एका दिवशी तपासली, आणि १९३६ मध्ये जन्मलेली १९४७ मध्ये. घसरण सापडेल अशीच अपेक्षा होती, सापडली वाढ. ‘त्यांच्यात मुलं जास्त होतात म्हणून देश मठ्ठ होणार’ हा युक्तिवाद आजही व्हॉट्सअॅपवर फिरतो, फक्त ‘त्यांच्यात’ म्हणजे कोण ते दर वेळी बदलतं. पाऊणशे वर्षांपूर्वीच त्याची परीक्षा झाली होती आणि तो नापास झाला होता.

नॉर्वेची बातमी मात्र खरी आहे. तिथे तरुणांची सैन्यभरतीच्या वेळी चाचणी होते, त्यामुळे जवळपास सगळ्या पुरुषांचे गुण दशकानुदशकं साठलेले आहेत. ब्रात्सबर्ग आणि रोगेबर्ग या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये १९६२ ते १९९१ दरम्यान जन्मलेल्या, सात लाखांहून जास्त पुरुषांचे आकडे मांडले. १९७५ च्या आसपास जन्मलेल्यांपर्यंत गुण चढत गेले, त्यानंतर उतरले. डेन्मार्क आणि फिनलंडमध्येही विसाव्या शतकाच्या शेवटाकडून अशीच उतरण दिसते.

त्या अभ्यासातला सगळ्यात मोलाचा भाग बातम्यांत येत नाही. त्यांनी सख्ख्या भावांची तुलना केली. आईबाप तेच, घर तेच. फक्त एक भाऊ आधी जन्मला, एक नंतर. चढाचा आणि उताराचा दोन्हींचा आलेख त्या भावाभावांतही तसाच मिळाला. म्हणजे ‘अशिक्षितांना मुलं जास्त’, ‘बाहेरून लोक आले’ ही दोन्ही स्पष्टीकरणं गळून पडली. एकाच घरातल्या दोन भावांमध्ये जे बदलतं ते घराबाहेरचं असतं: शाळा काय आणि कसं शिकवते, मुलं काय वाचतात, फावल्या वेळात काय करतात, आणि अशी चाचणी किती मनावर घेतात. शेवटचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. भरतीच्या रांगेत उभ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला त्या आकृत्यांमध्ये किती रस आहे यावर गुण बरेच हलतात, हे टेबलापलीकडे बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं.

अमेरिकेतलाही एक अभ्यास २०२३ मध्ये गाजला. २००६ ते २०१८ दरम्यान ऑनलाइन चाचणी दिलेले जवळपास चार लाख प्रौढ. शब्दांचं तर्कज्ञान, आकृत्यांची कोडी, अक्षर-अंकांच्या मालिका यांत गुण उतरले. पण एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून बघण्याच्या प्रश्नांत वाढले. खरोखर मेंदूच मंद होत असता तर हा एक कोपरा सुटला नसता. मुख्य संशोधिका एलिझाबेथ ड्वोरॅक यांनी स्वतःच सांगितलं होतं की यावरून माणसांची मानसिक क्षमता घटली असा अर्थ काढू नका. मथळे अर्थातच तोच काढून मोकळे झाले. व्हिक्टोरिया राणीच्या काळातली माणसं आपल्यापेक्षा चपळ बुद्धीची होती असाही एक शोधनिबंध फिरत असतो. १८८० च्या दशकातल्या यंत्रांनी मोजलेला प्रतिक्रियेचा वेळ आजच्या संगणकांवरच्या वेळेशी ताडून काढलेला. त्यावर वेळ घालवू नका.

आता आजोबांची पावकी. मला स्वतःला पाढ्यांचं प्रेम आहे, पण पावकी-औटकी कशासाठी होती ते आठवा. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक. साडेतीन आणे शेर दराने सात शेर घेतले तर किती? ज्याला औटकी येते त्याच्या तोंडात ‘सात औट साडेचोवीस’ तयार असतं, आणि साडेचोवीस आणे म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. वाण्याच्या दुकानात हे आलं नाही तर रोज फसवणूक. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पुढच्या चारपाच वर्षांत किलो-ग्रॅम आले, आणि औटकीचं काम संपलं. पुढच्या पिढीला ती येईनाशी झाली यात मेंदूचा दोष काय? आजोबांची ती तयारी खरी होती, त्याबद्दल आदर आहेच. पण ती घोकंपट्टीने कमावलेली तयारी होती, आणि ती लागत होती म्हणून कमावली होती. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा पिढी बरबाद होणार म्हणून केवढा गदारोळ झाला होता. त्या पद्धतीबद्दल मतभेद असू शकतात, मलाही ‘एकवीस-बावीस’ जायला नको असं वाटतं, पण त्याचा बुद्धीशी संबंध नाही.

‘जुन्या सातवीची सर आजच्या बी.ए.ला नाही’ हे वाक्य तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात तथ्य आहे, फक्त लोकांना वाटतं ते नाही. १९५१ च्या जनगणनेत देशात साक्षर होते १८ टक्के. सातवीच्या फायनलपर्यंत पोहोचणारी मुलं म्हणजे गाळून गाळून उरलेली मूठभर: बहुतेक मुलगे, बहुतेक विशिष्ट जातींतले, आणि परिस्थिती साथ देईल असे. त्यांच्या बरोबरीने शाळेबाहेर गुरं राखणारी मुलं आपण तुलनेत धरतच नाही. आज वर्गात सगळे येतात. वर्गाची सरासरी खाली आल्यासारखी दिसते, गावाची वर गेलेली असते. मास्तरांना वर्ग दिसतो, म्हणून त्यांची तक्रार प्रामाणिक असते. मूर्खपणाचंही तसंच. पूर्वी तो कट्ट्यावर व्हायचा आणि कट्ट्यावरच विरायचा. आता त्याचा व्हिडिओ निघतो आणि तो चार लाख लोक बघतात.

मग फोनचं काय? इथे मी विचारणाऱ्याच्या बाजूला थोडी सरकते, कारण माझ्या टेबलावर काहीतरी बदललेलं मला दिसतं. आकडे नाहीत माझ्याकडे, निरीक्षण आहे, तेवढ्याच किमतीत घ्या. ठोकळ्यांची नक्षी जुळवायला दिली की आजची मुलं चटकन भिडतात, त्यांच्या आईबापांच्या वयाच्या लोकांपेक्षा सफाईने. पण चार वाक्यांचा तोंडी प्रश्न विचारला की तिसऱ्या वाक्याला नजर खिडकीकडे जाते. आणि अवघड प्रश्नाशी झोंबण्याचा वेळ फार कमी झालाय. आकृती समोर ठेवली, दहा सेकंद बघितलं, ‘नाही येत.’ ‘अजून बघ, वेळ आहे,’ म्हटलं की त्यांतली बरीच मुलं ती सोडवतात! येत असतं, थांबवत नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधिका ग्लोरिया मार्क लोक पडद्यावरच्या एका गोष्टीवर सलग किती वेळ टिकतात ते मोजत आल्या आहेत. २००४ मध्ये सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या मोजणीत ४७ सेकंद. ही सवय मोडलेली आहे, क्षमता गेलेली नाही, आणि माझ्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे, कारण सवयीवर काम करता येतं.

एआयबद्दल हल्ली दर कार्यशाळेत विचारतात. २०२५ मध्ये एमआयटीत ५४ जणांवर एक प्रयोग झाला. चॅटजीपीटीकडून निबंध लिहून घेणाऱ्यांना थोड्याच वेळाने स्वतःच्या निबंधातलं वाक्यही नीट सांगता येईना. चोपन्न माणसांवरून मानवजातीचा निकाल लावू नये. पण जे आपण स्वतः जुळवलं ते लक्षात राहतं आणि आयतं आलेलं राहत नाही, हे मानसशास्त्रात फार आधीपासून पक्कं आहे. गाइडमधून उत्तरं उतरवणाऱ्या आमच्या पिढीलाही ते लागू होतं.

शब्दांची गोष्ट मला जास्त टोचते. मराठी घरातला, इंग्रजी माध्यमातला तिसरीतला मुलगा. तोंडी हिशेब मराठीत घातला, ‘‘एकोणसत्तर रुपयांतून...’’ आणि तो थांबला. ‘‘म्हणजे सिक्स्टीनाइन का?’’ सांगितल्यावर उत्तर बरोबर. मग शब्दांचे अर्थ विचारायला घेतले. मराठीत अडखळला म्हणून इंग्रजीत विचारले, तिथेही शाळेच्या पुस्तकापुरतेच. दोन भाषा येणं मेंदूला जड होत नाही, आपल्याकडे गल्लोगल्ली लोक तीन भाषा बोलतात. पण एकाही भाषेत गोष्टी ऐकल्या नाहीत, वाद घातला नाही, आजीबरोबर बडबड केली नाही, तर विचार मांडायला शब्दच पुरत नाहीत आणि चाचणीत तो मुलगा ‘कमी’ दिसतो. असे अहवाल मी लिहिते तेव्हा आकड्याखाली अर्धं पान मजकूर टाकते. वाचतं कोण, हा प्रश्न वेगळा.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसले ते. आपल्या देशात बुद्धी खरोखर कशाने मारली जाते?

आयोडीन घ्या. गर्भारपणात आणि पहिल्या वर्षांत आयोडीन फार कमी पडलं तर मुलांच्या बुद्ध्यांकावर सुमारे १२-१३ गुणांचा फटका बसतो, असं अभ्यासांची बेरीज सांगते. नॉर्वेतली कुठलीही घसरण यापुढे किरकोळ. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५० च्या दशकात मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे आपल्याच शास्त्रज्ञांनी दाखवलं, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि आज नव्वद टक्क्यांहून जास्त घरांत आयोडीनयुक्त मीठ आहे. हल्ली ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव मिठाची फॅशन आलीय. हौस म्हणून खा, पण घरात गरोदर बाई असेल तर साधं आयोडीनचं मीठच वापरा.

लोहाचं उलट झालंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांत पंडुरोग (ॲनिमिया) २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होता, २०१९-२१ मध्ये ६७.१ टक्के. तीनांतली दोन मुलं! मोजणीच्या पद्धतीवर वाद आहे, पण फार मोठ्या संख्येने मुलं फिकट आहेत यावर नाही. हिमोग्लोबिन कमी असलेलं मूल वर्गात पेंगतं, लक्ष देत नाही, आणि शाळा लिहिते ‘अभ्यासात रस नाही’. वयाच्या मानाने खुजी राहिलेली मुलं २०१९-२१ च्या त्याच पाहणीत ३५.५ टक्के होती. उंचीबरोबर मेंदूची वाढही उपाशी राहिलेली असते.

शिसं हे तिसरं, आणि सगळ्यात गुपचूप. शिसंयुक्त पेट्रोल आपल्याकडे २००० साली बंद झालं. पण २०२० च्या युनिसेफच्या अहवालात भारतातल्या २७ कोटींहून जास्त मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं असल्याचा अंदाज आहे. ते येतं जुन्या बॅटऱ्या फोडून वितळवण्याच्या उघड्या भट्ट्यांतून, जुन्या रंगांतून, आणि हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला चोळलेल्या लेड क्रोमेट या शिसंयुक्त पिवळ्या रंगातून. वस्तीच्या कडेला बॅटऱ्यांचं भंगार वितळवत असतील तर तिथलं मूल रील्स बघतं की नाही ही चर्चा मला चैनीची वाटते.

आणि शाळा. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेच्या असर पाहणीत ग्रामीण भारतात पाचवीतल्या निम्म्याच मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, २०१८ मध्ये. कोविडनंतर, २०२२ मध्ये ते सुमारे ४३ टक्क्यांवर आलं, आणि २०२४ मध्ये पुन्हा बरंचसं भरून निघालं. चार वर्षांत पडून दोन वर्षांत सावरतं ते शिक्षण असतं, बुद्धी नव्हे. ग्रामीण केनियात १९८४ आणि १९९८ च्या मुलांची तुलना झाली तेव्हा आकृत्यांच्या चाचणीत मोठी झेप दिसली होती. आयांचं शिक्षण वाढलं होतं, घरातली मुलं कमी झाली होती, पोटं जरा भरलेली होती. त्या वाटेवर आपल्याला अजून बरंच चढायचं आहे, नॉर्वेसारखी माथ्यावरून उतरण आपल्या वाट्याला आलेली नाही.

फूटपट्टीबद्दल एक शेवटचं, कारण ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल. जुन्या चाचणीत गुण फुगतात याचा त्रास हुशार मुलांना होत नाही, खरोखर गरजू मुलांना होतो. ज्याला बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र, सवलत, विशेष शिक्षण हवंय, त्याचा आकडा साठ वर्षं जुन्या निकषांवर ७० च्या वर निघाला की तो सगळ्यातून बाहेर पडतो. अमेरिकेत बौद्धिक अक्षमता असलेल्यांना फाशी देता येणार नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २००२ मध्ये आला, तेव्हापासून तिथले वकील फ्लिनचे आकडे घेऊन भांडतात, कारण चाचणी कोणत्या सालची यावर माणूस जगणार की मरणार ते ठरू शकतं.

तेव्हा मुलाचा अहवाल हातात आला की आकड्याच्या आधी चाचणीचं नाव, तिचे निकष कोणत्या सालचे, आणि चाचणी कोणत्या भाषेत घेतली, हे विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. चाचणीच्याही आधी मुलाचे कान आणि डोळे तपासा. ‘मठ्ठ’ म्हणून माझ्याकडे पाठवलेल्या कित्येकांना फळा दिसत नसतो. आणि चाळिशीतल्या ज्यांना ‘हल्ली माझंच डोकं चालत नाही’ असं वाटतं त्यांनी आधी झोप किती होते ते खरं खरं मोजावं, मग हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड बघून घ्यावं; शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. मन सतत उदास असेल तर त्यानेही स्मरण आणि लक्ष दोन्ही ढासळतात, आणि औषधोपचाराने परत येतात. घरातलं ज्येष्ठ माणूस रोजचा रस्ता चुकायला लागलं किंवा केलेला व्यवहार पुन्हा करायला लागलं, तर मात्र ‘वय झालं’ म्हणून थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.